नवरा चांगला असतानाची गोष्ट: विवाह आणि स्त्रीस्वातंत्र्यावरच्या जुन्या कथा कशा वाचाव्यात

‘नवरा तर चांगला होता, मग हिला कमी काय होते?’ विवाहावरची जुनी स्त्रीवादी कथा वाचनगटात घेतली की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. पूर्वी तो ऐकला की मी लगेच नायिकेची वकिली करू लागत असे, आणि नवऱ्याचे दोष उकरून काढण्यातच चर्चेचा वेळ संपून जात असे. आता मला वाटते की हा प्रश्न टाळू नये. तोच हाताशी धरून कथा वाचावी. ज्या चार कथांच्या आधारे मी हे लिहीत आहे, त्या चारही कथांमध्ये नवरा लोकांच्या लेखी चांगला माणूस आहे, आणि लेखकांनी तो विचारपूर्वक तसा ठेवला आहे. नवरा दारुडा किंवा मारकुटा असता, तर सगळा दोष त्याच्या स्वभावावर टाकून विवाहसंस्था नामानिराळी राहिली असती.

या चार कथा म्हणजे शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२), केट शोपॅन यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ (१८९४), रवींद्रनाथ टागोरांची ‘स्त्रीर पत्र’ (१९१४) आणि सुझन ग्लॅस्पेल यांची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ (१९१७). तिसरी बंगालमधली आहे, बाकीच्या तीन अमेरिकेतल्या. सुरुवात शोपॅन यांच्या कथेपासून करावी. ती जेमतेम हजार शब्दांची आहे आणि एका बैठकीत दोनदा वाचून होते. या प्रकारच्या वाचनाला दुसरे वाचन अनिवार्य आहे.

आधी कायद्याचे अर्धे पान

कथा उघडण्यापूर्वी तिच्या काळात लग्नाचा कायदेशीर अर्थ काय होता, एवढे अर्ध्या पानात लिहून ठेवावे. त्याहून जास्त नको, नाहीतर कथा बाजूला राहते आणि इतिहासाचा तास सुरू होतो. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार लग्नानंतर नवरा-बायको ही एकच व्यक्ती मानली जाई, आणि ती व्यक्ती म्हणजे व्यवहारात नवरा. बायकोची मिळकत त्याची आणि करार करण्याचा अधिकारही त्याचाच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी हीच धारणा उचलली होती आणि एकोणिसाव्या शतकात ती हळूहळू, राज्याराज्याने सैल होत गेली. न्यूयॉर्कने विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा १८४८ मध्ये केला, इंग्लंडमध्ये व्यापक स्वरूपाचा कायदा १८८२ मध्ये झाला, आणि मताधिकारात लिंगभेद करण्यास मनाई करणारी अमेरिकन राज्यघटनेतली दुरुस्ती तर १९२० मधली आहे. म्हणजे या तिन्ही अमेरिकन कथा छापल्या गेल्या तेव्हा ती दुरुस्ती अजून व्हायची होती.

मराठी वाचकाला हे समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला तो १८८४ मध्ये. अजाण वयात झालेले हे लग्न आपल्याला मान्य नाही आणि आपण नांदायला जाणार नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण अपिलानंतर, १८८७ मध्ये, नवऱ्याकडे राहायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि प्रकरण मिटले. न्यायालयापुढे मुख्य मुद्दा नवऱ्याच्या हक्काचा होता. बाईची इच्छा नावाची काही गोष्ट मोजायची की नाही, हा प्रश्न त्याच्या आडून पुढे येत होता. तोच प्रश्न मनात ठेवून कथेकडे वळावे.

नायिकेला कोण, केव्हा, काय म्हणते

पहिले वाचन पेन्सिल न घेता करावे. दुसऱ्या वाचनात फक्त एकच काम करावे: नायिकेचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे समासात तो शब्द लिहून काढावा. हे काम यांत्रिक वाटते, परंतु माझ्या अनुभवात यातून जेवढे हाती लागते तेवढे दुसऱ्या कुठल्याही युक्तीतून लागत नाही.

शोपॅन यांच्या कथेत रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते, आणि ती बातमी ज्या बाईला हळुवारपणे सांगायची आहे ती असते ‘मिसेस मॅलर्ड’. ती खोलीत जाऊन दार लावून घेते आणि उघड्या खिडकीसमोरच्या आरामखुर्चीत बसते, तेव्हापासून बराच वेळ ती केवळ ‘ती’ असते. आपण मोकळे झालो, हे तिला उमगून तिने ते ओठांवर आणल्यानंतरच, बंद दाराबाहेरून बहीण तिला हाक मारते: ‘लुईज’. तिचे स्वतःचे नाव आपल्याला पहिल्यांदा कळते ते इथे. मग ती जिना उतरते, दार उघडते, अपघाताच्या जागेपासून दूरच असलेला नवरा धडधाकट आत येतो, आणि घरचा मित्र त्याला कोणाच्या नजरेआड करायला धावतो? ‘त्याच्या बायकोच्या’. ‘मिसेस मॅलर्ड’, ‘ती’, ‘लुईज’ आणि पुन्हा ‘त्याची बायको’: तासाभराचा सगळा प्रवास या चार शब्दांत आहे. लेखिकेने स्वातंत्र्य या विषयावर भाषण केलेले नाही. तिने नाव दिले आणि काढून घेतले.

हीच पद्धत इतर कथांना लावून पाहावी. गिलमन यांच्या निवेदिकेला जवळजवळ शेवटपर्यंत नावच नाही, नवऱ्याला मात्र पहिल्याच ओळीपासून आहे. (ही कथा छापून आली तेव्हा लेखिकेच्या नावापुढेही पहिल्या नवऱ्याचे ‘स्टेट्सन’ हे आडनाव होते, त्यांचा घटस्फोट १८९४ मध्ये झाला.) ग्लॅस्पेल यांच्या कथेत सरकारी माणसे जिला ‘मिसेस राइट’ म्हणतात, तिची शेजारीण तिला मनात ‘मिनी फॉस्टर’ म्हणत राहते, कारण पांढरा पोशाख आणि निळ्या फिती लावून चर्चच्या गायनवृंदात उभी राहणारी मुलगी तिला आठवत असते. टागोरांच्या कथेत ‘मेजोबौ’, म्हणजे घरातली मधली सून, पंधरा वर्षांच्या संसारानंतर पुरीच्या समुद्रकिनाऱ्यावरून नवऱ्याला पहिले पत्र लिहिते आणि सुरुवातीलाच सांगते की हे तुमच्या मेजोबौचे पत्र नव्हे.

चांगुलपणाची यादी

आता त्या प्रश्नाकडे यावे. एका कागदावर नवऱ्याने केलेली प्रत्येक चांगली गोष्ट लिहावी, आणि ती प्रामाणिकपणे लिहावी, त्याला खलनायक ठरवण्याची घाई न करता. नंतर प्रत्येक गोष्टीसमोर एकच नोंद करावी: हे करण्यापूर्वी तिला विचारले होते का?

‘द यलो वॉलपेपर’साठी ही यादी लांबलचक होते. जॉन स्वतः डॉक्टर आहे, बायकोची काळजी घेतो, तिला मोकळी हवा मिळावी म्हणून उन्हाळ्यापुरते मोठे घर भाड्याने घेतो, औषधांचे तासातासाचे वेळापत्रक ठरवून देतो, तिला उचलून वर नेऊन झोपवतो आणि उशाशी बसून वाचून दाखवतो. आता दुसरा रकाना भरू लागावे. तिला खालची, व्हरांड्याकडे उघडणारी खोली हवी होती. त्याने माडीवरची, खिडक्यांना गज असलेली जुनी बालखोली निवडली. तिला लिहायचे होते. त्याने बंदी घातली. तिला भिंतीवरचा तो कागद बदलून हवा होता. एकदा हिचे ऐकले तर मागण्या वाढत जातील म्हणून त्याने तो ठेवला. तिला माणसांत जायचे होते. प्रकृतीला मानवणार नाही म्हणून तेही नको. यादी पूर्ण झाली की डावा रकाना ममतेने भरलेला असतो आणि उजव्यात एकही ‘होय’ नसते. तो तिला लाडाने लहान मुलीसारखे संबोधतो, आणि त्या खोलीचा पूर्वीचा उपयोग लक्षात घेतला तर हे संबोधन किती नेमके आहे ते कळते.

शोपॅन यांनी हाच मुद्दा एका वाक्यात अधिक धीटपणे मांडला आहे, आणि ते वाक्य प्रत्येक वाचनात मोठ्याने वाचावे असे मी सुचवीन. पुढच्या वर्षांत आपल्या इच्छेला वाकवणारी दुसऱ्याची इच्छा नसेल, असे लुईजला वाटते. आणि अशी इच्छा दुसऱ्या जीवावर लादण्याचा आपल्याला हक्क आहे हा आंधळा समज ‘पुरुषांचा आणि स्त्रियांचाही’ असतो, असे तिथे म्हटले आहे. हेतू दयाळू असो की क्रूर, त्या प्रकाशाच्या क्षणी तिला ते कृत्य सारखाच गुन्हा वाटते. ‘स्त्रियांचाही’ हे छोटेसे शेपूट अनेक वाचक गाळून वाचतात. ते गाळले तर कथा पुरुषांविरुद्धची तक्रार होते. ठेवले तर ती एका माणसाने दुसऱ्याच्या आयुष्याचा ताबा घेण्याविषयीची होते, जिचा सर्वांत रूढ आणि सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे तेव्हाचे लग्न.

टागोरांची मेजोबौ, म्हणजे मृणाल, तर ही यादी स्वतःच मांडते. तुमच्या घरात अन्नवस्त्राची ददात नाही, तुमच्या चारित्र्यात दैवाला बोल लावावा असा दोष नाही, असे ती नवऱ्याला स्वच्छ लिहिते. ग्लॅस्पेल यांच्या कथेत जॉन राइट दारू पीत नव्हता, शब्द पाळत असे, कर्ज फेडत असे. शेजारीण हे सगळे मान्य करते आणि मग म्हणते की तो कठोर होता, त्याच्याशी चार शब्द बोलणे म्हणजे हाडांपर्यंत झोंबणाऱ्या वाऱ्यात उभे राहणे.

वस्तू आधी वस्तू म्हणून पाहाव्यात

खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, पिंजरा म्हणजे संसार, भिंतीवरचा कागद म्हणजे समाज: परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अशी समीकरणे भराभर लिहिली जातात. ती चूक आहेत असे नाही, परंतु ती फार लवकर येतात. वाचकाने आधी वस्तू हातात घेतल्यासारखी पाहावी, तिचे वर्णन आपल्या शब्दांत चार ओळी लिहावे आणि अर्थाचा विचार त्यानंतर करावा.

यासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे ग्लॅस्पेल यांच्या कथेतले स्वयंपाकघर. गळफास देऊन मारलेल्या शेतकऱ्याच्या, म्हणजे जॉन राइटच्या, घरी तपासासाठी माणसे आली आहेत. शेरीफ आणि सरकारी वकील पुरावा शोधायला माडीवर आणि कोठारात जातात. खाली दोन बायका उरतात, खुनाच्या संशयावरून कैदेत असलेल्या त्याच्या बायकोला लागणाऱ्या वस्तू गोळा करण्यासाठी. त्या काय पाहतात? साखरेची पिशवी अर्धीच डब्यात ओतलेली. टेबलाचा अर्धा भाग पुसलेला, अर्धा तसाच. थंडीने फुटलेल्या मुरांब्याच्या बरण्या, आणि त्यांतून वाचलेली चेरीची एकच. गोधडीच्या ठिगळांवरची शिवण आधी सरळ, नेटकी, आणि एका चौकटीत एकाएकी वेडीवाकडी. त्यांच्यातली एक, शेजारीण मिसेस हेल, ती वाकडी शिवण उसवून न बोलता पुन्हा घालू लागते. मग बिजागरीतून उखडलेल्या दाराचा पिंजरा सापडतो, आणि शिवणाच्या पेटीत रेशमात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी.

इथे थांबून वाचकाने स्वतःला विचारावे: अर्धे पुसलेले टेबल पाहून मला काय वाटले? ज्याने रोज टेबल पुसले आहे त्याला कळते की मधेच काम टाकून हात निघाला म्हणजे काहीतरी घडले. सरकारी वकील मळका टॉवेल पाहतो आणि बाई गृहकृत्यदक्ष नव्हती असा निष्कर्ष काढतो. एकाच खोलीतल्या त्याच वस्तू आहेत, पण त्या वाचण्याचे शिक्षण एकाला मिळालेले नाही. ग्लॅस्पेल तरुणपणी आयोवात वार्ताहर होत्या आणि १९००च्या सुमारास अशाच एका खुनाच्या खटल्याच्या बातम्या त्यांनी दिल्या होत्या. न्यायालयात कोण बोलते आणि कोण गप्प राहते हे त्यांनी पाहिलेले होते. कथेच्या शीर्षकातली ‘ज्युरी’ त्या बाईला खऱ्या न्यायालयात मिळणे शक्य नव्हते, कारण तिथे ज्युरीत बायकांना जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात भरते.

लेखकाचे चरित्र किती वापरावे

मर्यादित वापरावे, आणि कथा वाचून झाल्यावर वापरावे. गिलमन यांना बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १८८७ मध्ये सायलस वेअर मिचेल या नामांकित डॉक्टरांकडे पाठवले होते. शक्य तेवढे घरगुती आयुष्य जगा, बौद्धिक काम दिवसाला फार तर दोन तास करा, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना जन्मभर हात लावू नका, असा सल्ला त्यांना मिळाल्याचे त्यांनी स्वतः १९१३ मध्ये लिहिले आहे. कथेत या डॉक्टरांचे नाव धमकीसारखे येते. ही माहिती उपयोगी आहे, कारण तिच्यामुळे जॉन हा एकटा विक्षिप्त नवरा नसून त्याच्यामागे त्या काळचे वैद्यकशास्त्र उभे आहे, हे दिसते. परंतु निवेदिका म्हणजे गिलमन असे मानले की फसगत होते: निवेदिका त्या खोलीत सरपटत राहते, गिलमन तिथून बाहेर पडून पुढची चार दशके लिहीत राहिल्या.

याच चरित्राची दुसरी बाजूही लपवू नये. गिलमन यांचे वंशाविषयीचे लेखन उघडपणे वर्णद्वेषी आहे. या कथांतल्या स्वातंत्र्याच्या कल्पनेत कोणाला जागा होती आणि कोण बाहेर होते, याची एक नोंद प्रत्येक कथेखाली करावी. जिचे मूल दाई सांभाळते त्या बाईच्या एकांताविषयी आपण वाचतो, दाईच्या एकांताविषयी नाही. आणि ‘स्त्रीर पत्र’ पुरुषाने लिहिले आहे, हा प्रश्नही चर्चेत मोकळेपणी घ्यावा. माझे मत असे की टागोरांना अंतःपुराची कोंडी नेमकी दिसली होती. मृणालच्या बाळंतपणाच्या वेळी आलेला इंग्रज डॉक्टर बाळंतिणीची खोली पाहून संतापतो, हा तपशील केवळ सहानुभूतीतून सुचणारा नाही.

मराठीतल्या कथांकडे वळताना यादीचे रकाने बदलावे लागतात. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. ते मालतीबाई बेडेकर यांचे लेखन होते. तिथे शिकलेल्या, वयाने वाढलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट आहे, म्हणून ‘नवऱ्याने विचारले होते का’ याऐवजी ‘घराने विचारले होते का’ असा रकाना ठेवावा. यादीची पद्धत तीच राहते.

शेवटाला गुण देऊ नयेत

या कथांच्या शेवटांवर वाचक लवकर रागावतो. एक मरते, एक भ्रमिष्ट होते, एक तुरुंगात आहे. ही कसली मुक्ती? त्या रागाला जागा द्यावी, पण शेवट ‘प्रगत’ आहे की नाही असा निवाडा करण्याऐवजी शेवटचा शब्द कोणाच्या तोंडी आहे, ते पाहावे. शोपॅन यांच्या कथेत तो डॉक्टरांच्या तोंडी आहे. नवरा जिवंत पाहून झालेल्या आनंदाने ती गेली, असे ते सांगतात. खोलीत काय झाले हे फक्त तिला आणि आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे तिच्या मृत्यूचे अधिकृत कारण चुकीचे नोंदले गेले आहे, हे जाणणारा वाचक हा एकच साक्षीदार शिल्लक राहतो. ग्लॅस्पेल यांच्या कथेत मेलेला पक्षी मिसेस हेलच्या खिशात जातो आणि गोधडीला गाठी मारणार होती का, या थट्टेच्या प्रश्नाला ती थट्टा न करता उत्तर देते.

‘स्त्रीर पत्र’ वाचताना मात्र शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिल्या ओळीवर जावे. दरम्यान मृणालने आसरा दिलेल्या बिंदूचे लग्न एका वेड्याशी लावून दिले गेले आहे, ती पळून आली, पुन्हा पाठवली गेली, आणि अंगावरच्या कपड्यांना आग लावून तिने जीव दिला आहे; त्यावर लोक म्हणाले की बायकांनी असे जळून मरण्याची आता फॅशन झाली आहे. मृणाल मरत नाही. मीराबाईची आठवण काढून ती लिहिते की मीही जगेन. पत्राचा मायना रीतीप्रमाणे ‘श्रीचरणकमलेषु’ असा आहे, पंधरा वर्षे ज्या पायांशी ती राहिली त्यांना उद्देशून. खाली सही करताना ती स्वतःला ‘चरणतलाश्रयछिन्न’ म्हणते: त्याच पायांच्या आश्रयापासून तुटलेली. मराठी वाचकाला या दोन्ही शब्दांसाठी भाषांतर लागत नाही. ते एकाखाली एक लिहावेत, आणि त्यानंतर दुसऱ्या शब्दापुढे तिने लिहिलेले तिचे नाव.